संगणकाच्या स्मृतीचा भाव का चढतो, का उतरतो?

डिसेंबर २०२५ मधली गोष्ट. आमची शाळा गेवराई तालुक्यातल्या एका मोठ्या गावात आहे. शाळेच्या संगणक-कक्षातले दोन संगणक फार मंद चालत होते. त्यांत स्मृतीची एकेक पट्टी वाढवली म्हणजे काम भागेल, असे ठरले. म्हणून एका शनिवारी दुपारची एस. टी. धरून मी बीडला गेलो. स्मृतीची पट्टी म्हणजे दुकानदार ज्याला 'रॅम' म्हणतात ती बोटाएवढ्या रुंदीची हिरवी पट्टी. उन्हाळ्यात मी तिचा भाव विचारून ठेवला होता. आता दुकानदाराने त्याच्या दुपटीहून अधिक भाव सांगितला आणि वर म्हणाला, "सर, पुढच्या शनिवारी याल तर यापेक्षा जास्त असेल."

मला मोठे नवल वाटले. संगणकाच्या वस्तू दिवसेंदिवस स्वस्त होत जातात, असे मीच वर्गात सांगत आलो होतो.

त्याच आठवड्यात नववीतल्या एका मुलाचे वडील शाळेत आले. कापूस विकून त्यांच्या हाती थोडे पैसे आले होते. "सर, मोबाइलवर जो तो म्हणतोय की मेमरीच्या कंपन्यांना आता सोन्याचे दिवस आलेत. पुढल्या साली कुठला तरी नवा प्रोसेसर येणार, त्याला लई मेमरी लागणार. पैसे तिकडं लावावेत का?" त्यांचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. पतसंस्थांत ठेवी अडकून पोळलेली घरे आपल्या जिल्ह्यात थोडी नाहीत. मग पैसा ठेवायचा तरी कुठे, ही काळजी खरीच आहे.

मी शेअर बाजाराचा जाणकार नाही. शाळेत विज्ञान शिकवतो. तेव्हा उत्तर देण्याआधी ही मेमरी म्हणजे वस्तू तरी काय आहे, ती पिकते कशी आणि नव्या प्रोसेसरचा तिच्याशी संबंध काय, हे नीट समजून घ्यावे असे मला वाटले. जे समजले ते तुम्हांला सांगतो. त्यात भौतिकी आहे, थोडे गणित आहे आणि, आश्चर्य वाटेल, पण बराचसा कापूसही आहे.

गळके रांजण

संगणकाची स्मृती म्हणजे अतिसूक्ष्म रांजणांची एक प्रचंड उतरंड समजा. प्रत्येक रांजण हे एक विद्युत्-धारित्र असते. धारित्र म्हणजे विद्युत्भार साठवून ठेवणारी वस्तू. रांजण भरलेला असला तर तो १ हा अंक, रिकामा असला तर ०. प्रत्येक रांजणाच्या तोंडाशी एक ट्रान्झिस्टर असतो. तो तोटीसारखे काम करतो: उघडली की भार आत-बाहेर जातो, मिटली की अडतो. एक तोटी आणि एक रांजण, बस्स, एवढ्यावर एक अंक साठवता येतो ही कल्पना रॉबर्ट डेनार्ड या अमेरिकन अभियंत्याला १९६६ मध्ये सुचली. ते आयबीएम कंपनीत काम करीत. १९६८ मध्ये त्यांना तिचे एकस्व, म्हणजे पेटंट, मिळाले. पुढे १९७० मध्ये इंटेल कंपनीने भार साठवून अंक ठेवणारी चिप बाजारात आणली. तिच्यात असे १,०२४ अंक मावत. आज १६ गिगाबाइटची एक पट्टी घेतली तर तिच्यात सुमारे १३,७४४ कोटी रांजण असतात. पडताळा घ्यायचा असेल तर १६ ला २ च्या ३० व्या घाताने गुणा आणि आलेल्या उत्तराला ८ ने गुणा.

गंमत अशी, की हे सगळे रांजण गळके आहेत. प्रत्येकात साठलेले इलेक्ट्रॉन हजारांच्याच घरात असतात आणि ते सतत पाझरून जातात. म्हणून प्रत्येक रांजण ६४ सहस्रांश सेकंदांच्या आत पुन्हा भरावा लागतो, म्हणजे सेकंदाला पंधरा-सोळा वेळा! वीज गेली की भरणारा थांबतो आणि सारे विसरले जाते. शिवाय रांजणात काय आहे हे पाहायचे तर तोटी उघडावी लागते आणि तो रिता होतो. म्हणून वाचून झाल्याबरोबर तो पुन्हा होता तसा करून ठेवावा लागतो. या सततच्या भरण्यामुळे या स्मृतीला 'डायनॅमिक' म्हणतात, आणि तिचे लघुनाव डीरॅम.

जागा वाचवण्यासाठी हे रांजण आता रुंदीच्या मानाने कितीतरी पट उंच करतात. आपल्याकडच्या बोअरवेलसारखे म्हणा ना: तोंड वीतभर, खोली शेकडो फूट. सिलिकॉनच्या चकतीवर अशा कोट्यवधी सारख्या विहिरी, एकही वाकडी न जाता, घडवायच्या म्हणजे किती अवघड काम असेल याची कल्पना करा. पण एकदा घडवल्यावर एका कंपनीचा रांजण आणि दुसऱ्या कंपनीचा रांजण यांत गिऱ्हाइकाच्या दृष्टीने काही फरक उरत नाही. मापे ठरलेली, पट्टीचे दात ठरलेले. कुणाचीही पट्टी लावा, संगणक चालतो. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिच्याशी गाठ पडणार आहे.

गव्हाण आणि उसाच्या गाड्या

आता प्रोसेसरकडे वळू. आपल्या जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी हजारो कुटुंबे बाहेर पडतात. तुमच्यापैकी काहींनी साखर कारखान्याची गव्हाण पाहिली असेल. ऊस त्या गव्हाणीत पडतो आणि तिथून चरकाकडे जातो. समजा, कारखान्याने नवा, दुप्पट ताकदीचा चरक बसवला. साखर दुप्पट निघेल का? फडापासून वजनकाट्यापर्यंतचा रस्ता जर पूर्वीसारखाच एकपदरी असेल, गाड्या तेवढ्याच असतील, तर चरक अर्धा वेळ रिकामा फिरेल. कारखान्यात याला 'नो केन' म्हणतात. ऊस नाही म्हणून गाळप बंद.

संगणकात प्रोसेसर हा चरक आणि स्मृती हा फड. गेल्या चाळीस वर्षांत चरक अफाट वेगवान झाला, पण रस्ता त्या मानाने रुंदावला नाही. साध्या संगणकातला प्रोसेसर सेकंदाला सुमारे ३०० कोटी ठोके मारतो. स्मृतीतून त्याने एक आकडा मागवला की तो हाती पडेपर्यंत दोनशे-तीनशे ठोके वाया जातात! १९९० नंतरच्या काळात संगणकशास्त्रज्ञांनी या अडचणीला 'स्मृतीची भिंत' असे नाव दिले. प्रोसेसरच्या पोटातच थोडीशी शीघ्र स्मृती ठेवून ते बरीच वर्षे वेळ मारून नेत होते. कारखान्याच्या आवारात थोडा ऊस उतरवून ठेवावा तसे.

मग आली कृत्रिम बुद्धी. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी लोकांपुढे आले आणि मजकूर लिहिणाऱ्या या यंत्रांचा बोलबाला झाला. असले यंत्र एकेक शब्द, किंवा शब्दाचा एकेक तुकडा, जुळवत जाते. आणि प्रत्येक शब्दासाठी त्याला आपल्याजवळचे सगळे आकडे एकदा वाचून काढावे लागतात. एका मध्यम आकाराच्या यंत्रात ७,००० कोटी आकडे आहेत असे धरू. प्रत्येक आकड्याला दोन बाइट, म्हणजे एकूण १४० गिगाबाइट. साध्या संगणकाच्या स्मृतीतून सेकंदाला सुमारे ९० गिगाबाइट बाहेर येऊ शकतात. तेव्हा एका शब्दाला दीड सेकंदाहून जास्त वेळ लागेल. प्रोसेसर कितीही वेगवान आणा, यात फरक पडणार नाही. गव्हाणीत ऊसच नाही!

यावरचा उपाय म्हणजे फड उचलून गव्हाणीला चिकटवणे आणि रस्ता हजार पदरी करणे. स्मृतीच्या चिपा घासून कागदासारख्या पातळ करतात, त्यांना आरपार सूक्ष्म भोके पाडून त्यांत तांबे भरतात आणि आठ-आठ, बारा-बारा चिपांचा मनोरा रचून तो प्रोसेसरच्या अगदी शेजारी बसवतात. हिला एचबीएम म्हणतात. दक्षिण कोरियाच्या एसके हायनिक्स कंपनीने २०१३ मध्ये ती पहिल्यांदा केली. साध्या घरगुती संगणकात स्मृतीपासून प्रोसेसरपर्यंत आकडे नेणाऱ्या १२८ वाटा असतात. एचबीएमच्या एकाच मनोऱ्यातून १,०२४ वाटा निघतात, आणि एप्रिल २०२५ मध्ये जाहीर झालेल्या एचबीएम-४ या मानकात त्या २,०४८ केल्या आहेत.

एनव्हिडिया कंपनीच्या प्रोसेसरांच्या पिढ्या पाहा. त्यांना ती शास्त्रज्ञांची आणि गणितज्ञांची नावे देते, ही मला तिची आवडलेली गोष्ट. २०२२ ची पिढी संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर यांच्या नावाची: तिच्या प्रोसेसरला ८० गिगाबाइट स्मृती. २०२४ ची गणितज्ञ डेव्हिड ब्लॅकवेल यांच्या नावाची: १९२ गिगाबाइट, आणि वेग सेकंदाला ८,००० गिगाबाइट. वरचे गणित आता पुन्हा करा: १४० भागिले ८,००० म्हणजे एका शब्दाला सेकंदाचा सत्तावन्नावा भाग. त्यानंतरच्या पिढीला खगोलशास्त्रज्ञ व्हेरा रूबिन यांचे नाव दिले, आणि तिच्यासाठी २८८ गिगाबाइट एचबीएम-४ जाहीर झाली. म्हणजे त्या पालकांच्या मोबाइलवर फिरणारी गोष्ट खोटी नव्हती. नवा प्रोसेसर येणार होता आणि त्याला खरोखरच लई मेमरी लागणार होती.

मग बीडच्या दुकानातली आपली साधी पट्टी का महागली? त्याचे कारण जमिनीत आहे. सिलिकॉनच्या चकतीला शेत समजा. तेवढेच अंक साठवायचे तर एचबीएमला साध्या स्मृतीच्या जवळजवळ तिप्पट चकती लागते, असे मायक्रॉन या अमेरिकन कंपनीनेच सांगितले आहे. आरपार भोकांना जागा जाते आणि मनोऱ्यातला एक मजला नासला तर सगळा मनोरा वाया जातो. विहिरीचे पाणी उसाकडे वळले की तुरीला आणि कापसाला जे उरते तेच इथेही झाले. एचबीएमचा भाव चांगला, म्हणून कारखान्यांनी चकत्या तिकडे वळवल्या. साध्या स्मृतीचे पीक कमी झाले. डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉनने किरकोळ ग्राहकांसाठीचा आपला 'क्रुशल' हा धंदाच बंद करण्याचे जाहीर केले. बीडचा दुकानदार पुढच्या शनिवारची भीती घालत होता त्यामागे एवढी लांबची साखळी होती.

पेरणी आणि कापणी

इथवर सगळे त्या पालकांच्या बाजूचेच दिसते ना? गरज वाढली, माल कमी, भाव वर. मग कंपन्यांचे शेअर का घेऊ नयेत?

आता २०२२ साल आठवा. तुम्ही लहान असाल, पण घरात बोलणे ऐकले असेल. त्या वर्षाच्या पहिल्या महिन्यांत मराठवाड्यात कापसाचा भाव क्विंटलला दहा हजार रुपयांच्या वर गेला होता. मध्यम धाग्याच्या कापसाचा त्या हंगामाचा हमीभाव ५,७२६ रुपये होता. त्याच्या जवळजवळ दुप्पट भाव खुल्या बाजारात मिळत होता. जिनिंगच्या दारात, एस. टी. स्टँडवर, हळदीच्या मांडवात, सगळीकडे एकच विषय. पुढच्या खरिपात देशातले कापसाचे क्षेत्र वाढले. आणि कापूस घरात आल्यावर पुष्कळांनी तो विकला नाही. दहाचे बारा होतील, या आशेने खोल्या छतापर्यंत भरून ठेवल्या. भाव मात्र आठ हजारांच्या आसपास घुटमळला आणि २०२३ च्या उन्हाळ्यापर्यंत सात हजारांकडे उतरला. घरात साठवलेल्या कापसाने अंगाला खाज सुटल्याच्या तक्रारी त्या वर्षी मराठवाड्यात ठिकठिकाणी झाल्या. आमच्या शाळेतली मुले हात खाजवत वर्गात बसत, ते मला अजून आठवते.

यात कोणी मूर्खपणा केला होता का? मुळीच नाही. भाव चांगला म्हणून पेरणी वाढवणे हे शहाणपणाचेच. पण तो विचार एकाच वेळी सर्वांनी केला, आणि पेरणी ते वेचणी यांत सहा महिने जातात. पेरताना जो भाव दिसतो तो वेचताना राहत नाही. अर्थशास्त्रज्ञांनी याचा अभ्यास १९२० च्या दशकातच केला होता. आर्थर हानाऊ या जर्मन अर्थशास्त्रज्ञाला डुकरांच्या बाजारात असेच चढउतार ठराविक अंतराने येताना दिसले. पुढे निकोलस काल्डोर यांनी १९३४ मध्ये या प्रकाराला कोळ्याच्या जाळ्याची उपमा दिली. कारण भाव आणि माल यांचा आलेख काढला तर रेघ जाळ्यासारखी गोल गोल फिरते. आलेखाच्या वहीत काढून पाहा, खरोखर जाळे दिसते.

डीरॅम हे असेच पीक आहे. मघाशी ध्यानात ठेवायला सांगितलेली गोष्ट आता आठवा: सर्वांचा माल सारखा. ज्वारीच्या पोत्यावर शेतकऱ्याचे नाव पाहून कोणी जास्त भाव देत नाही, तसे इथेही. आणि पेरणी-कापणीतले अंतर तर कापसाहून फार मोठे. चकतीवर चिप घडायलाच काही महिने लागतात, आणि नवा कारखाना उभारून माल बाहेर पडायला दोन-तीन वर्षे. त्यावर अब्जावधी डॉलर खर्च झालेले असतात. त्यामुळे भाव पडला तरी कारखाना बंद ठेवणे परवडत नाही. निदान चालू खर्च तरी निघावा म्हणून सगळे माल काढतच राहतात आणि भाव आणखी पडतो.

टाळेबंदीच्या काळात घरोघरी लॅपटॉप लागले तेव्हा या कंपन्यांची चलती होती. मायक्रॉनची २०२२ या आर्थिक वर्षातली विक्री जवळजवळ ३१ अब्ज डॉलर होती. लोकांचे लॅपटॉप घेऊन झाले. पुढच्याच वर्षी विक्री निम्म्यावर, साडेपंधरा अब्जांवर आली आणि कंपनीला ५.८ अब्ज डॉलर तोटा झाला. तंत्रज्ञान बिघडले नव्हते, कामगार तेच, चिपा पूर्वीपेक्षा उत्तमच! फक्त पीक फार आले होते. मग सर्वांनी हात आखडते घेतले, नव्या कारखान्यांवरचा खर्च कमी केला. आणि नेमकी त्यानंतर कृत्रिम बुद्धीची मागणी येऊन थडकली. २०२५ ची टंचाई काही अंशी २०२३ च्या त्या न झालेल्या पेरणीतून उगवली आहे. मायक्रॉनची २०२५ ची विक्री ३७ अब्ज डॉलरच्या वर गेली.

असे झोके सगळ्यांनाच पेलले असे नाही. डीरॅमची पहिली यशस्वी चिप विकणाऱ्या इंटेलने १९८५ मध्ये, जपानी मालाने भाव कोसळल्यावर, हा धंदाच सोडून दिला. जर्मनीच्या किमोंडाने २००९ मध्ये दिवाळे काढले, जपानच्या एल्पिडाने २०१२ मध्ये. एके काळी डझनाहून जास्त असलेल्या कंपन्यांतून आज जगातली बहुतेक डीरॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघींच्याच हाती आहे.

मायक्रॉनचा जन्म तर सांगण्यासारखा आहे. ही कंपनी १९७८ मध्ये अमेरिकेच्या आयडाहो राज्यात, बॉइझी गावी, एका दाताच्या दवाखान्याच्या तळघरात सुरू झाली. आयडाहो म्हणजे बटाट्यांचा मुलूख. पुढे तिला भांडवल दिले ते जे. आर. सिम्प्लॉट या गृहस्थांनी. चौदाव्या वर्षी शाळा सोडून ते बटाट्याच्या धंद्यात शिरले होते आणि त्यातच अतिश्रीमंत झाले होते. चिपमधले त्यांना काय कळत होते कोण जाणे! पण सगळ्यांचा माल सारखा असला म्हणजे भाव कसा झोके खातो, हे बटाट्याने त्यांना पुरते शिकवले होते. संगणकाच्या धंद्यात बटाटेवाल्याचे शहाणपण उपयोगी पडते हे वाचून मला, खरे सांगतो, फार बरे वाटले.

स्वस्त दिसणारा शेअर

शेअर म्हणजे कंपनीतला एक लहानसा वाटा. तो महाग की स्वस्त हे पाहण्याची एक सोपी रीत आहे: शेअरच्या किमतीला त्या वर्षीच्या दर शेअरमागील नफ्याने भागायचे. समजा, किंमत ४०० रुपये आणि नफा ४० रुपये; उत्तर १०. म्हणजे दहा वर्षांच्या नफ्यात पैसे वसूल. फारच स्वस्त! पण हा नफा जर टंचाईच्या वर्षाचा असेल, आणि पुढे भरघोस पीक येऊन तो २ रुपयांवर आला, तर त्याच किमतीला भागाकार २०० होतो. आणि तोटा झाला तर भागाकाराला अर्थच उरत नाही.

स्मृतीच्या कंपन्यांची मोठी फसगत इथेच आहे. नफा शिखरावर असतो तेव्हा या रीतीने त्यांचा शेअर सर्वांत स्वस्त दिसतो आणि गाळात असतो तेव्हा सर्वांत महाग. कापूस दहा हजारांवर होता त्या सालच्या उत्पन्नावरून कोणी शेताची किंमत ठरवील का? आपल्या गावातला एकही शेतकरी ठरवणार नाही. तो मागची आठ-दहा साले विचारील, पाण्याचे साल कोणते आणि दुष्काळाचे कोणते ते विचारील. मोबाइलवरच्या संदेशात मात्र चालू वर्षाचाच आकडा असतो.

दुसरेही एक पाहा. नव्या प्रोसेसरला किती स्मृती लागणार हे बनवणारी कंपनी वर्ष-दीड वर्ष आधीच व्यासपीठावरून सांगते. ती बातमी सोल, न्यूयॉर्क, मुंबई सगळीकडे एकाच दिवशी पोचते आणि शेअरचा भाव तेव्हाच हलतो. आपल्या गावात ती पोचते तेव्हा तिच्यातला रस पिळून झालेला असतो. चिपाड हाती येते.

सॅमसंग आणि एसके हायनिक्स यांचे शेअर सोलच्या बाजारात, मायक्रॉनचे अमेरिकेत. आपल्या मुंबईच्या बाजारात यांपैकी एकही नाही. त्यामुळे इकडची बोलणी फिरून फिरून अशा कंपन्यांवर येतात ज्यांच्या नावात नुसता 'सेमीकंडक्टर' हा शब्द आहे. महाराष्ट्रातल्या आरआरपी सेमीकंडक्टर या कंपनीचे उदाहरण ताजे आहे. डिसेंबर २०२५ पर्यंतच्या वीस महिन्यांत तिच्या शेअरचा भाव ५५ हजार टक्क्यांहून अधिक वाढला होता. वार्षिक अहवालात तिचे पूर्णवेळ कर्मचारी होते दोन. आपण सेमीकंडक्टरचे कोणतेही उत्पादन अद्याप सुरू केलेले नाही, असे कंपनीने स्वतःच शेअर बाजाराला कळवले होते. बाजाराने तिच्या शेअरचे व्यवहार आठवड्यातून एकदाच होतील असे बंधनही घातले. तरी घेणारे होते!

"गुजरातेत मेमरीचा कारखाना येतोय ना?" असेही त्या पालकांनी विचारले. साणंद येथे मायक्रॉनचा प्रकल्प जून २०२३ मध्ये जाहीर झाला, हे खरे. पण तिथले काम म्हणजे चिपा कापणे, वेष्टनात बसवणे आणि तपासणे. आपल्या भाषेत बोलायचे तर ते जिनिंग-प्रेसिंग आहे. मोलाचे काम आहे, गेवराईच्या जिनिंगविना कापसाचे काय होईल ते आपण जाणतोच. पण रांजण जिथे घडतात ते शेत तैवान, जपान, अमेरिका येथे आहे.

त्या पालकांना मी हे सगळे आमच्या प्रयोगशाळेच्या फळ्यावर दोन आलेख काढून सांगितले: एक कापसाच्या भावाचा, एक मायक्रॉनच्या नफा-तोट्याचा. ते बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे सर, भाव काय चाललाय ते इचारायचं नाही. औंदा पेरा किती झालाय ते इचारायचं."

इतक्या थोडक्यात मला सांगता आले नसते. त्यांचा मुलगा शेजारी उभा होता. त्याने लगेच विचारले, "मग सर, आत्ता पेरा किती झालाय?"

हे शोधता येते. या कंपन्या दर तीन महिन्यांनी आपला हिशेब प्रसिद्ध करतात; त्यात नव्या कारखान्यांवर किती खर्च केला आणि न विकलेला माल किती दिवसांचा पडून आहे, हे दोन आकडे असतात. पहिला म्हणजे पेरा, दुसरा म्हणजे घरात भरून ठेवलेला कापूस. मायक्रॉनने बॉइझीच्या आपल्या नव्या कारखान्यातून २०२७ मध्ये चकत्या निघू लागतील असे जाहीर केले आहे. कोरियातल्या दोन्ही कंपन्याही नव्या कारखान्यांच्या मागे लागल्या आहेत. चीनची सीएक्सएमटी ही कंपनी वेगाने वाढते आहे, तीही मोजायला हवी. तो मुलगा आता दर तीन महिन्यांनी हे दोन आकडे वर्गातल्या तक्त्यावर मांडणार आहे. कापसाच्या भावाची रेघ त्याच तक्त्यावर लाल शाईने काढायची, असे त्याच्या वडिलांचे म्हणणे पडले. त्यांचे पैसे तूर्त त्यांच्या खात्यातच आहेत.

आणि शाळेचे ते दोन संगणक? नवी पट्टी आम्ही घेतली नाही. अडगळीतल्या एका बिघडलेल्या संगणकातून तशाच जातीची पट्टी निघाली. ती एकात बसवली. तो आता बरा चालतो. दुसरा अजून मंदच आहे.